वाद्यवृंदाचा तरुण सूत्रधार

एकादशीच्या रात्रीं पारनेर तालुक्यांतील एखाद्या गांवच्या देवळांत भजन रंगांत येतें, तेव्हां तेथें जमलेल्या दहा-वीस टाळकऱ्यांत पुढारी कोण, हें परक्या माणसालाहि विचारावें लागत नाहीं. ज्याचा आवाज सर्वांच्या आधीं उठतो आणि ज्याच्या टाळाची लय मृदंग उचलून धरतो, तो पुढारी. कीर्तनांत बुवा स्वतः गातात. लेझमीच्या मेळ्यांत हलगी वाजविणाराच मेळा चालवितो. महाराष्ट्राच्या संगीतांत जो पुढें चालतो तो आधीं स्वतः सूर लावतो आणि मग इतरांकडून सुराची अपेक्षा करतो.

पाश्चात्य संगीतांत मात्र असा एक कलावंत आहे कीं, जो सबंध मैफलींत एकहि सूर काढीत नाहीं. साठ, ऐंशी, प्रसंगीं शंभर वादक त्याच्यापुढें बसलेले असतात. तो त्यांच्याकडे तोंड आणि श्रोत्यांकडे पाठ करून उभा राहतो. हातांत एक बारीक छडी, तीहि मुकी. पण त्या छडीच्या हालचालीबरोबर शंभर माणसें एका क्षणीं श्वास घेतात आणि एका क्षणीं वाजवूं लागतात. या कलावंताला वाद्यवृंदाचा संचालक म्हणतात. नाट्यशास्त्रांतला जुना शब्द वापरावयाचा तर तो सूत्रधार होय. या कलेंत तरुण माणसाला पाऊल टाकणें इतकें अवघड कां असतें, आणि मुंबईच्या एका मुलाला तें कसें साधलें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

गवयाला तंबोरा घेऊन पहांटे आपल्या खोलींत बसतां येतें. सतारिया हजार वेळां चुकतो. पण त्या चुका चार भिंतींपलीकडे कोणाला ऐकूं जात नाहींत. संचालकाचें वाद्य म्हणजे जिवंत माणसें. तें वाद्य खुंटीला टांगून ठेवतां येत नाहीं, कीं मन झालें म्हणून काढून वाजवितां येत नाहीं. प्रत्येक वादकाला वेतन द्यावें लागतें, आणि तो वादक आपल्या कलेंत वीस-वीस वर्षें मुरलेला असतो. शिकाऊ मुलाच्या हातीं असा समूह कोण देणार? आणि दिला नाहीं तर तो मुलगा शिकणार तरी कसा? वाद्यवृंद हातीं आल्याशिवाय अनुभव नाहीं, आणि अनुभव असल्याशिवाय वाद्यवृंद हातीं येत नाहीं. या कोंडींतून ज्याला वाट सांपडते, त्याचीच कारकीर्द सुरू होते.

संचालक नेमकें करतो काय, हें थोडें समजून घेतलें पाहिजे. त्याच्यापुढें मेजावर जो ग्रंथ उघडा असतो त्यांत सर्व वाद्यांची स्वरलिपि एकाखालीं एक अशी मांडलेली असते. एकेका पानावर वीस-वीस, पंचवीस-पंचवीस ओळी. बांसरीवाल्याच्या कागदावर केवळ बांसरीचे सूर, कर्णेवाल्याच्या कागदावर केवळ कर्ण्याचे. सबंध रचना फक्त एकट्या संचालकाच्या पुढें आणि त्याच्या डोक्यांत असते. उजव्या हातानें तो लय दाखवितो. डाव्या हातानें कोणाला आवाज चढवावयास सांगतो, कोणाला दबून वाजवावयास सांगतो, आणि बराच वेळ स्वस्थ बसलेल्या वादकाला त्याची पाळी आल्याची खूण करतो. यांतहि सर्वांत महत्त्वाची खूण आवाजापूर्वीची असते. पहिला सूर उमटण्याआधीं छडी किंचित् वर जाते. त्या एका उचलीवरून पुढील सूर किती जलद, किती जोराचा आणि किती मृदु हें सर्वांना कळावें लागतें. तबलजी आणि गवई समेवर एकत्र येतात, तेव्हां ती सम दोघांच्याहि अंगीं मुरलेली असते. येथें शंभर माणसांची सम एका मनगटांत सांठविलेली असते.

ऑपेरा म्हणजे पाश्चात्य संगीत नाटक. त्यांत तर हें काम दुप्पट अवघड होतें. अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'संगीत शाकुंतला'चे पहिले चार अंक पुण्यांत रंगभूमीवर आणले, ती तारीख ३१ ऑक्टोबर १८८०. पारनेरचे सेनापति बापट त्यानंतर बाराच दिवसांनीं, १२ नोव्हेंबर १८८० रोजीं जन्मले. म्हणजे मराठी संगीत नाटकाचें आणि सेनापतींचें वय जवळजवळ सारखेंच. मराठी संगीत नाटकांत गाणारा नट हाच राजा. त्यानें एखादी तान लांबविली तर ऑर्गन आणि तबला त्याच्या मागोमाग जातात. प्रेक्षकांनीं 'वन्समोअर' दिला तर तेंच पद पुन्हां रंगतें. ऑपेरांत बहुतेक संवादहि गाऊनच म्हणतात. रंगमंचावर नायक-नायिका आणि त्यांच्यामागें पन्नास-साठ गाणाऱ्यांचा समुदाय असतो. वाद्यवृंद रंगमंचापुढील खड्ड्यांत बसलेला असल्यामुळें गाणाऱ्यांना तो नीट दिसत नाहीं, आणि वादकांना गाणारे दिसत नाहींत. दोघांनाहि दिसतो तो एकटा संचालक. नायिकेचा दम कोठें संपणार हें त्यानें आधींच ओळखावें आणि शंभर वाद्यांना तितकें थोपवून धरावें. या कामांत नवशिक्याची चूक झांकली जात नाहीं.

आतां मुंबईकडे वळूं. पारनेरच्या दुष्काळी माळांवरून पोटासाठीं मुंबईस जाण्याचा रिवाज जुना आहे. ज्या काळांत पारनेरचा माणूस मुंबईच्या गिरण्यांत आणि बाजारांत राबत होता, त्याच काळांत त्याच शहरांत मेहली मेहता नांवाचे एक पारशी गृहस्थ एक वेगळेंच वेड घेऊन बसले होते. त्यांचा जन्म १९०८ सालचा. बव्हंशीं स्वतःच्या कष्टानें ते व्हायोलिन शिकले आणि १९३५ सालीं त्यांनीं 'बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला. गोमंतकीय वादक, पारशी हौशी मंडळी आणि युरोपांतून आलेले संगीतज्ञ अशा नाना तऱ्हेच्या माणसांना एका लयींत बसविण्याचा तो उद्योग होता.

मेहली मेहतांचें नांवहि पारनेरच्या बहुतेक घरांत कोणीं ऐकलें नसेल. पण त्यांचा हात मात्र तेथें पोहोंचलेला आहे. रेडिओचें केंद्र उघडतांना तंबोऱ्याच्या नादावर व्हायोलिनची जी छोटी परिचयधून वाजे, ती कित्येक पिढ्यांच्या कानांत घर करून बसली. ती धून वॉल्टर कॉफमन यांनीं रचिली. बोहेमियांत जन्मलेले हे ज्यू संगीतज्ञ १९३४ सालीं मुंबईस आले आणि पुढें तेथील नभोवाणी केंद्रावर पाश्चात्य संगीताचे प्रमुख झाले. त्या धुनेंतील व्हायोलिन मेहली मेहतांनींच वाजविलें, असें सर्वत्र मानलें जातें. ज्या वाद्यवृंदाला खेड्यांतील माणूस परका समजतो, त्याचे चार सूर चावडीवरच्या रेडिओनें त्याच्या दारांत रोज सकाळीं आणून टाकले होते.

मेहलींचे थोरले चिरंजीव झुबिन २९ एप्रिल १९३६ रोजीं मुंबईस जन्मले. म्हणजे बापाचा वाद्यवृंद आणि मुलगा बरोबरच वाढले. वाद्यवृंदाच्या तालमी घरांत होत, आणि इतर मुलें ज्या वयांत बडबडगीतें ऐकतात त्या वयांत या मुलाच्या कानांवर बेथोव्हेन आणि ब्राम्स यांच्या रचना पडत. सोळाच्या सुमारास त्यानें वडिलांच्या वाद्यवृंदाची तालीम स्वतः चालवून पाहिली. परंतु घराला पोटाचा प्रश्न ठाऊक होता. वाद्यवृंदावर संसार चालत नाहीं, हें मेहलींइतकें कोणाला कळलें असेल? म्हणून झुबिननें सेंट झेवियर कॉलेजांत वैद्यकाच्या पूर्वतयारीचा अभ्यास घेतला. तो पुरा झाला नाहीं. १९५४ सालीं, वयाच्या अठराव्या वर्षीं, मुलगा व्हिएन्नास निघाला.

व्हिएन्नाच्या संगीत अकादमींत हान्स स्वारोव्स्की हे त्याचे गुरु झाले. हातवाऱ्यांच्या डौलापेक्षां स्वरलिपीच्या कठोर अभ्यासावर त्यांचा कटाक्ष होता. ग्रंथांतील प्रत्येक ओळ कां लिहिली आहे हें ज्याला सांगतां येत नाहीं, त्यानें छडी उचलूं नये, अशी ती शिस्त. याबरोबरच झुबिन तेथें डबल बास नांवाचें, माणसाच्या उंचीहूनहि मोठें असें व्हायोलिनच्या कुळांतलें वाद्य वाजवावयास शिकला. संचालकाच्या दृष्टीनें ही मागची जागा मोठी उपयोगाची. कारण तेथें बसून सबंध वाद्यवृंदाचें अंतरंग ऐकूं येतें, आणि चांगल्या संचालकाची खूण कशी असते व वाईटाची कशी, हें वादकाच्या बाजूनें कळतें.

त्या काळचे थोर संचालक तेथें तालमी घेत, पण त्या तालमींना विद्यार्थ्यांना प्रवेश नसे. झुबिन आणि त्याचा सहाध्यायी क्लाउदिओ अबादो या दोघांनीं त्यावर एक युक्ति काढली. ते तेथील गायकसंघांत गाणारे म्हणून दाखल झाले. गाणाऱ्याला तालमीस येऊं नको असें कोण म्हणेल? खर्जाच्या रांगेंत उभे राहून दोघे गात, आणि गातां गातां समोरच्या थोर संचालकाचे हात न्याहाळीत. हा अबादोहि पुढें जगद्विख्यात झाला. ज्या दारानें आंत जातां येत नाहीं त्या दारावर डोकें आपटण्यापेक्षां चाकरीच्या दारानें आंत जावें आणि विद्या घेऊन यावें, ही रीत महाराष्ट्राला नवी नाहीं. गुरूच्या घरीं पाणी भरून गाणें शिकलेल्या गवयांच्या कथा येथेंहि घरोघर सांगतात.

१९५६ सालीं हंगेरींतील उठाव चिरडला गेला आणि हजारों निर्वासित ऑस्ट्रियांत आले. वीस वर्षांच्या झुबिननें थोड्याच दिवसांत विद्यार्थ्यांचा एक वाद्यवृंद जमविला आणि व्हिएन्नाबाहेरच्या छावणींत त्या निर्वासितांसाठीं जलसा केला. संधि कोणी देत नाहीं तर ती स्वतः जमवावी, आणि तीहि अशा जागीं कीं जेथें संगीताची खरीखुरी गरज आहे, हें त्यानें त्या वयांत ओळखलें होतें.

१९५८ सालीं लिव्हरपूलच्या आंतरराष्ट्रीय संचालक-स्पर्धेंत तो पहिला आला आणि तेथील वाद्यवृंदाचा वर्षभर दुय्यम संचालक झाला. त्याच सालीं अमेरिकेंतील टँगलवूड येथें अबादो पहिला आणि मेहता दुसरा आला. पण बक्षिसानें पोट भरत नाहीं, आणि लिव्हरपूलचें वर्ष संपल्यावर पुढें दुसरें स्थिर काम समोर नव्हतें. या दिवसांतील एक गोष्ट विसरण्यासारखी नाहीं. लिव्हरपूलपासून जवळच मँचेस्टर आहे. तेथील हॅले वाद्यवृंदांत १९५५ पासून मेहली मेहता व्हायोलिन वाजवीत होते. मुंबईंत ज्यांनीं स्वतः वाद्यवृंद स्थापिला, त्यांनीं पन्नाशीकडे झुकतांना परक्या देशांत दुसऱ्याच्या छडीखालीं बसून वाजवावें! त्यांत कमीपणा कांहींच नव्हता. पण ज्या शहराला त्यांनीं वाद्यवृंद दिला, त्या शहरांत त्यांना राहतां आलें नाहीं, एवढें खरें.

यानंतर दोन वर्षांत जें घडलें तें या व्यवसायाच्या रीतीचें उत्तम उदाहरण आहे. तरुण संचालकाचें दार बहुधा दुसऱ्याच्या आजारपणामुळें किंवा अडचणीमुळें उघडतें. १९६० सालीं मॉंट्रियल येथें इगोर मार्केविच हे येऊं शकले नाहींत. त्यांच्या जागीं मेहतांना बोलाविलें आणि १९६१ पासून तो वाद्यवृंदच त्यांच्या हातीं आला. १९६१ च्या आरंभीं लॉस एंजेलिस येथें फ्रिट्झ रायनर यांच्या जागीं ते उभे राहिले. त्याच सालीं इस्रायलमध्यें यूजीन ऑर्मंडी यांच्या जागीं त्यांना पाचारण झालें. व्हिएन्ना आणि बर्लिन येथील नामांकित वाद्यवृंदांपुढेंहि ते त्याच सालीं प्रथम उभे राहिले. वय पंचवीस! लोक याला दैव म्हणतात. दैवानें दार उघडलें हें खरें. पण दार उघडतांच आंत जावयास जो तयार उभा असतो, त्याचें तयार असणें हें दैव नव्हे. असा निरोप येतो तेव्हां हातांत फार दिवस नसतात. त्या वेळीं ग्रंथाचीं पानें पहिल्यानें उघडणारा माणूस बुडतो. ज्यानें कोणी बोलावीत नसतांना तीं पानें पाठ केलीं तो तरतो.

या यशाला एक कडू किनारहि आहे. लॉस एंजेलिसच्या वाद्यवृंदाचे प्रमुख म्हणून जॉर्ज शोल्टी यांची निवड झाली होती. त्यांना न विचारतां व्यवस्थापकांनीं तरुण मेहतांना त्यांचा सहायक नेमलें. शोल्टींना तो अपमान वाटला आणि १९६१ सालीं त्यांनीं तें पद सोडलें. परिणामीं १९६२ सालीं, सव्विसाव्या वर्षीं, मेहता त्या वाद्यवृंदाचे प्रमुख झाले. एका ज्येष्ठाच्या रुसव्यांतून मिळालेली ती गादी होती. दोष तरुणाचा नव्हता. पण भार त्याच्याच शिरावर आला. समोर बसलेल्या वादकांपैकीं अनेक जण त्याच्याहून किती तरी वडील. अशा माणसांना वयाचा किंवा पदाचा धाक घालतां येत नाहीं. ते दोनच गोष्टी पाहतात: याला आमच्या ओळी आमच्याइतक्या ठाऊक आहेत काय, आणि चुकलेला सूर याला ऐकूं येतो काय? या दोन परीक्षांत जो उतरतो, त्याचें वय मग कोणी विचारीत नाहीं. मेहता तेथें १९७८ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षें टिकले, हेंच त्या परीक्षेचें उत्तर.

ऑपेराकडे ते याच काळांत वळले. १९६३ सालीं मॉंट्रियल येथें त्यांनीं पुच्चिनीचा 'तोस्का' चालविला आणि २९ डिसेंबर १९६५ रोजीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरांत व्हेर्दीचा 'आयदा'. या दुसऱ्या खेळांत मिरवणुकीचे कर्णे, गाणाऱ्यांचा मोठा समुदाय आणि शेवटीं बंदिस्त थडग्यांत हळूहळू विझत जाणारे दोन आवाज असा सारा पसारा आहे. एकाच रात्रींत रणभेरी आणि निःश्वास या दोहोंचें माप राखावें लागतें. त्या वेळीं त्यांना तिशीहि लागली नव्हती.

तारुण्याचा एक दोष मात्र त्यांनाहि चुकला नाहीं. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनीं न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदाविषयीं वृत्तपत्रांत असे कांहीं खोंचक उद्गार काढले कीं, तेथील वादक संतापले आणि मेहतांना क्षमा मागावी लागली. हात ज्यानें आंवरला त्याला जीभ आंवरतां आली नाहीं. पुढची गोष्ट मोठी बोधप्रद आहे. १९७८ सालीं त्याच न्यूयॉर्कच्या वाद्यवृंदाचे ते प्रमुख झाले आणि १९९१ पर्यंत राहिले. दुखावलेल्या वादकांपुढेंच उभें राहून त्यांना तेरा वर्षें काम करावें लागलें. आणि तें त्यांनीं केलें.

पुढील मानमरातबांची यादी येथें देण्याचें कारण नाहीं. इस्रायलच्या वाद्यवृंदाची धुरा त्यांनीं २०१९ सालीं खालीं ठेवली. भारत सरकारनें १९६६ सालीं पद्मभूषण आणि २००१ सालीं पद्मविभूषण दिलें. भारताचें पारपत्र त्यांनीं सोडलें नाहीं, आणि १९८४ सालीं न्यूयॉर्कचा, तर १९९४ सालीं इस्रायलचा वाद्यवृंद घेऊन ते मायदेशीं आले. हें सर्व भूषणावह आहे. तथापि त्यामागें एक प्रश्न उरतो, आणि तो मुंबईला, किंबहुना सगळ्या महाराष्ट्रालाच विचारण्यासारखा आहे.

मेहली मेहता गेले आणि त्यांचा वाद्यवृंद ओसरला. त्यानंतर एखादा तसाच मुलगा मुंबईंत जन्मला असता, तर त्यानें सोळाव्या वर्षीं कोणापुढें उभें राहावें? नंतर २००६ सालीं मुंबईच्या राष्ट्रीय प्रयोगकला केंद्रांत 'सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया' स्थापन झाला. मेहली मेहतांच्या नांवाची संस्था १९९५ पासून त्याच शहरांत मुलांना पाश्चात्य संगीताची गोडी लावीत आहे. ऑगस्ट २०२३ मध्यें सत्याऐंशी वर्षांचे झुबिन मेहता मुंबईच्या या वाद्यवृंदापुढें प्रथमच छडी घेऊन उभे राहिले. वडिलांच्या शहरांतील वाद्यवृंदापुढें मुलानें पुन्हां उभें राहावयास सत्तर वर्षें लागलीं. तेथेंहि कित्येक वादक अद्याप परदेशांतूनच आणावे लागतात.

गुणी मूल कोठेंहि जन्मतें. त्याला शहर लागत नाहीं आणि श्रीमंतीहि लागत नाहीं. पण संचालकाला समोर बसणारीं माणसें लागतात, आणि तीं माणसें समाजानें जमवावीं लागतात. त्याहून महत्त्वाचें म्हणजे, वडीलधाऱ्या जाणत्यांनीं कांहीं काळ एका पोराच्या खुणेवर वाजविण्याचा मोठेपणा दाखवावा लागतो. मुंबईच्या त्या घरांत बापानें आपली तालीम सोळा वर्षांच्या मुलाच्या हातीं दिली, एवढ्याशा गोष्टीवर पुढची सारी इमारत उभी राहिली. गुणांचें कौतुक मागाहून सर्वच करतात. चुकण्यासाठीं जागा आधीं देणारे थोडे.

पारनेरच्या शाळांतून व्हिएन्नाचे वाद्यवृंद निघावे अशी अपेक्षा कोणी करणार नाहीं. पण स्वातंत्र्यदिनाच्या प्रभातफेरीचा बँड, शाळेचें लेझीम-पथक, गांवचें भजनी मंडळ हे सारे आपापल्या परीनें वाद्यवृंदच आहेत. त्यांची लय सांभाळण्याचें काम आठवड्यांतून एक दिवस चौदा वर्षांच्या एखाद्या जाणत्या मुलाकडे अगर मुलीकडे सोंपवावें आणि थोरांनीं त्या खुणेबरोबर इमानानें वाजवावें, यास पैसा लागत नाहीं. पहिल्या दिवशीं लय तुटेल, टाळ चुकतील, कोणी हंसेलहि. दहाव्या दिवशीं त्या मुलाला, न पाहतां, रांगेंत तिसरा कोण मागें पडला हें ऐकूं येऊं लागेल. संचालकाची विद्या तेथूनच सुरू होते.